ओटीजीत भाजलेला फोटो

प्रिंटरमधून बाहेर आलेला कागद पाहून पहिल्यांदा हे काम करणारा माणूस हमखास हिरमुसतो. फोटोतली नारिंगी साडी विटकरी दिसते, काळे केस राखाडी, आकाश मळकट. शाई संपत आली असेल म्हणून तो टाक्या तपासतो, तर त्या भरलेल्या. सब्लिमेशनच्या कागदावर रंग असेच दिसतात. ते खुलतात दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि खुलतात मगावर. ओव्हनमधून काढलेल्या मगावरचा कागद सोलला की तीच साडी झळझळीत होऊन समोर येते आणि हातात उरलेल्या कागदावर चित्राची फिकट सावली तेवढी राहते.

वाढदिवस, निवृत्तीचा निरोप समारंभ, गणेश मंडळाची आठवण, दहावीच्या जुन्या वर्गाचं पंचवीस वर्षांनी भरलेलं स्नेहसंमेलन. फोटो छापलेला मग या सगळ्या प्रसंगांना चालतो. तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओतही मग छापायचं मशीन दिसतं. हे काम आता दुकानातून घरातही आलं आहे. अमेरिकेतल्या क्रिकट कंपनीने २०२१ मध्ये खास घरगुती वापरासाठी मग प्रेस बाजारात आणला. तिकडच्या हौशी मंडळींमध्ये त्याआधीपासून ओव्हनमध्ये मग भाजण्याची पद्धत रुळलेली होती, कारण तिथे बहुतेक घरांत ओव्हन असतोच. आपल्याकडे ओव्हन म्हणजे बहुधा ओटीजी. केक आणि नानकटाईसाठी हौसेने घेतलेला आणि पुढे माळ्यावर गेलेला ओटीजी अनेक घरांत आहे. तो दोनशे अंशांच्या पुढे तापतो, त्यात चार मग सहज मावतात. त्यामुळे घरबसल्या छोटा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्यांची नजर त्याच्याकडे वळणं साहजिक आहे. पण चित्र चांगलं उठतं की नाही, हे ओव्हनपेक्षा मगावरचा थर, कागदाची पकड आणि मगापाशी पोचलेलं खरं तापमान यांवर ठरतं. या तीन गोष्टी समजल्याशिवाय ओव्हन लावणं म्हणजे कोरे मग वाया घालवणं.

देवघरातला कापूर उघडा राहिला तर वडी झिजत जाते, पण डबीत कुठे ओल दिसत नाही. कपाटातल्या डांबरगोळीचंही तसंच. स्थायू पदार्थ द्रव न होता थेट वायू होतो, याला शाळेच्या पुस्तकात संप्लवन म्हणतात, इंग्रजीत सब्लिमेशन. सब्लिमेशन शाईतले रंग याच स्वभावाचे आहेत. ते पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून अतिशय बारीक दळून शाईत तरंगत ठेवलेले असतात. साधारण १८० ते २१० अंशांच्या टप्प्यात त्यांचा वायू होतो. त्या वेळी कागद मगाला घट्ट चिकटलेला असेल तर वायू समोरच्या थरात शिरतो. हा थर पॉलिएस्टर जातीच्या रेझिनचा असतो. तापल्यावर त्याच्या रेणूंच्या साखळ्या सैल पडतात आणि रंगाला आत वाट मिळते. मग निवला की साखळ्या पुन्हा आवळतात आणि रंग आत अडकून बसतो. म्हणून चांगल्या छापलेल्या मगावरून नख फिरवलं तर काहीच हाताला लागत नाही. चित्र थराच्या पोटात असतं, त्याच्यावर नसतं.

घरातल्या रोजच्या कपावर हा प्रयोग का फसतो, याचं उत्तरही इथेच आहे. चिनी मातीच्या कपाची झिलई म्हणजे एक प्रकारची काच. दोनशे अंशांना ती जराही सैल होत नाही, रंगाला आत घेत नाही. कागद काढल्यावर पुसट डाग दिसतो आणि ओल्या फडक्याने तो निघूनही जातो. त्यासाठी बाजारात ‘सब्लिमेशन मग’ किंवा ‘कोटेड मग’ म्हणून विकला जाणारा कोरा मगच घ्यावा लागतो. साध्या कपावर घरी फवारायचे कोटिंग स्प्रेही मिळतात, पण कारखान्यात भाजून पक्का केलेला थर आणि घरच्या गॅलरीत फवारलेला थर यांच्या टिकाऊपणात मोठं अंतर असतं. विकण्याच्या मालासाठी त्या वाटेला जाऊ नये हे बरं.

आणखी एक मर्यादा सुरुवातीलाच माहीत हवी. या शाईत पांढरा रंग नसतो. चित्रातला पांढरा भाग म्हणजे मगाचा स्वतःचा पांढरेपणा. रंग पारदर्शक असल्यामुळे काळ्या किंवा लाल मगावर थेट फोटो छापता येत नाही. बाहेरून पांढरा आणि आतून किंवा कानाला रंगीत, असे मग मिळतात ते त्यामुळेच.

कागदावरचं चित्र भांड्यावर उतरवण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी १७५६ मध्ये शपथेवर सांगितलं, की २७ जुलै रोजी सकाळी नऊ ते दुपारी तीन या सहा तासांत, कुणाची मदत न घेता, त्यांनी बाराशेहून अधिक फरशा चित्रांसह छापल्या. त्याआधी अशी प्रत्येक फरशी कारागीर हाताने रंगवत असे. पुढे जोसाया वेजवूडसारखा नामांकित कुंभार-उद्योजकही आपली भांडी छपाईसाठी लिव्हरपूलला पाठवू लागला. त्या पद्धतीत चित्र कागदावरून झिलईवर घेत आणि भट्टीत पक्कं करत. कुंभाराच्या भट्टीचा तो ताप घरच्या ओव्हनच्या कितीतरी पलीकडचा. दोनशे अंशांत हे काम होऊ लागलं ते पॉलिएस्टर आल्यानंतर.

तो धागा कापड गिरण्यांतून येतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर ॲसिटेट रेशमासाठी रसायनशास्त्रज्ञांनी ‘डिस्पर्स’ रंग तयार केले. १९४१ मध्ये इंग्लंडमध्येच जॉन रेक्स व्हिनफील्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा शोधला. टेरिलीन हे त्याचं गाजलेलं नाव. आपल्याकडे एका पिढीने टेरिकॉटचे शर्ट-पँट वर्षानुवर्षं वापरले, ते याच धाग्याच्या मिश्रणाचे. पॉलिएस्टरला नेहमीचे रंग लागत नव्हते, डिस्पर्स रंग लागले. पण त्यात एक खोड निघाली. फार गरम इस्त्री फिरवली की काही रंग उडून शेजारच्या कापडाला लागत. रंगाऱ्यांच्या दृष्टीने तो दोष होता आणि तो मोजण्यासाठी कापड उद्योगात चाचण्या ठरवल्या गेल्या. फ्रान्समधल्या रुबे या गिरणगावात काम करणाऱ्या नोएल द प्लास याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याच दोषाचा उपयोग करून घेतला. कागदावर आधी नक्षी छापायची, तो कागद तापवून कापडावर दाबायचा, की नक्षी कापडात उतरते. यातूनच ‘सब्लिस्टॅटिक’ नावाचा छपाईचा कागद आला.

मगापर्यंत यायला संगणक आणि इंकजेट प्रिंटरची वाट पाहावी लागली. आज घरगुती कामात बहुतेक जण टाकीवाला एप्सन प्रिंटर वापरतात. त्यामागे कारण आहे. एप्सनच्या छपाईच्या डोक्यात शाई दाबाने ढकलली जाते, तिला तापवावं लागत नाही. कॅनन आणि एचपीच्या अनेक प्रिंटरांत शाई उष्णतेने उडवतात, आणि उष्णतेने वायू होणाऱ्या शाईला ते मानवत नाही. नव्या, कोऱ्या टाकीत पहिल्यापासूनच सब्लिमेशन शाई भरायची. आधी साधी शाई वापरलेला प्रिंटर पुन्हा धुऊन घेणं कटकटीचं होतं. साध्या प्रिंटरात अशी शाई भरली की कंपनीची हमी संपते, हेही घेण्याआधी लक्षात ठेवावं. आणि प्रिंटर आठवडेच्या आठवडे बंद ठेवला तर नोझल तुंबतात. ऑर्डर नसली तरी दोन-चार दिवसांआड एक रंगीत पान काढत राहावं लागतं.

आता ओव्हन. मग प्रेसमध्ये तापलेली पट्टी कागदावर थेट आवळली जाते, त्यामुळे १८० ते २०० अंशांना तीन-चार मिनिटांत काम होतं. ओव्हनमध्ये उष्णता हवेतून जाते, आणि हवा हे काम सावकाश करते. शिवाय इथे मगाला दाबून धरणारा सिलिकॉनचा पट्टा स्वतःच उष्णता अडवतो. त्यामुळे २०० अंशांनाही १२ ते २० मिनिटं लागतात. नेमकी किती, ते ओव्हन, पट्ट्याची जाडी आणि एका वेळी ठेवलेल्या मगांची संख्या यांवर अवलंबून. दोन मगांना जमलेली वेळ सहा मगांना पुरत नाही, कारण सहा गार मग आत गेले की ओव्हनचं तापमान खाली येतं आणि पुन्हा चढायला वेळ लागतो.

ओटीजीच्या बटणावर २०० लिहिलेलं असतं म्हणून आत २०० असतंच असं नाही. घरगुती ओव्हनमध्ये दहा-वीस अंशांचा फरक सर्रास आढळतो आणि वरच्या व खालच्या जाळीवरचं तापमानही वेगळं असतं. केकला एवढं चालून जातं, सब्लिमेशनला चालत नाही. १८० ला काळा रंग तपकिरी उमटेल आणि २२० ला फिकट भाग पिवळे पडतील. ओव्हनच्या जाळीला टांगायचा छोटा थर्मामीटर मिळतो. या कामातली ती सगळ्यात उपयोगी खरेदी आहे. पंखा असलेला ओटीजी असेल तर तो पंखा चालू ठेवावा, म्हणजे उष्णता सगळीकडे सारखी फिरते. मग मधल्या जाळीवर, वरच्या-खालच्या सळयांपासून लांब ठेवावेत. सळई जवळ असेल तर तिची थेट धग लागून तिकडची बाजू आधी करपते. मायक्रोवेव्हचा मायक्रोवेव्ह म्हणून उपयोग इथे अजिबात नाही. त्याच्या लहरी मगाचा पृष्ठभाग सारखा तापवत नाहीत आणि पट्ट्याच्या धातूमुळे ठिणग्या उडतात.

कामाची खरी कसोटी लागते मग आत जाण्याआधीच्या पाच मिनिटांत. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसायचा, आणि फडकं तंतू न सोडणारं हवं. टॉवेलचा एक बारीक तंतू राहिला तर पांढऱ्या जागेवर निळसर रेघोटी उमटते आणि ती कशानेही जात नाही. कागद मगाच्या उंचीपेक्षा थोडा कमी कापायचा. नेहमीच्या ११ औंसाच्या, म्हणजे सुमारे ३२५ मिलीच्या मगाला साधारण २० सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर उंच कागद लागतो. छापलेली बाजू मगाकडे करून कागद ताणून गुंडाळायचा आणि दोन्ही टोकं कानाशी हीट टेपने चिकटवायची. साधा सेलोटेप इथे वितळतो. कागदाखाली बोट सरकवून पाहावं. बोट शिरलं तर वायूही तिथून निसटणार. वरून कोऱ्या कागदाचा किंवा बटर पेपरचा एक वेढा द्यायचा, नाहीतर उडालेला रंग सिलिकॉनच्या पट्ट्यात मुरतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या मगावर आधीच्या बाळाची सावली उमटते. सगळ्यांत शेवटी सिलिकॉनचा पट्टा. त्याचे स्क्रू दोन्ही बाजूंनी सारखे आवळायचे, कमरपट्ट्यासारखे, कुठेही ढिले न सोडता.

चित्र बिघडण्याची बहुतेक कारणं या पट्ट्यापाशी येऊन थांबतात. मगाची वरची कड किंचित आत वळलेली असते आणि तळाकडेही गोलाई असते. पट्टा मधोमध घट्ट आणि कडांना सैल बसला, की चित्र मध्ये ठसठशीत आणि वर-खाली धुरकट येतं. कानाजवळचा भाग तर सगळ्यांनाच त्रास देतो, कारण तिथे पट्ट्याची दोन टोकं येतात आणि दाब तुटतो. म्हणून जाणते छपाईवाले महत्त्वाचा मजकूर कानापासून दोन बोटं लांब ठेवतात. तापलेला मग बाहेर काढल्यावर पट्टा सोडताना कागद सरकला, तर अजून गरम असलेला रंग दुसऱ्यांदा उमटतो आणि चित्राला दुहेरी कड येते. कागद एका दमात, सरळ, बाहेरच्या दिशेने सोलायचा. त्याची पाठ हलकी पिवळट झालेली असेल तर भाजणी ठीक झाली. पांढरीशुभ्र राहिली असेल तर कमी पडली, आणि तपकिरी झाली असेल तर जास्त.

देवनागरी मजकुराने या चुका आणखी उघड्या पडतात. रोमन अक्षरांची ओळ किंचित तिरकी असली तर पटकन लक्षात येत नाही. शिरोरेषा मात्र सरळ रेघच असते, आणि मगाच्या गोल कडेच्या शेजारी ती एक मिलिमीटरने कलली तरी डोळ्यांना खुपते. दुहेरी कड आली की नावावर दोन शिरोरेषा दिसतात. संगणकावरही काळजी घ्यावी लागते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत किंवा योग्य सेटिंग नसताना युनिकोड मराठीतली जोडाक्षरं फुटतात, वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते. ‘प्रिय’चा ‘प् रिय’ झालेला मग गिऱ्हाइकाच्या हाती पडला की पुढची ऑर्डर गेलीच म्हणून समजा. छापण्याआधी चित्र आरशातल्यासारखं उलटं करायचं असतं आणि तेव्हा मजकूर वाचता येत नाही. म्हणून तपासणी उलटं करण्याआधीच व्हायला हवी, आणि ती मजकूर टाइप न केलेल्या माणसाने केली तर उत्तम.

फोटोबद्दलही थोडं. ३०० डीपीआयने २० बाय ९ सेंटिमीटर छापायचं तर सुमारे २३६० बाय १०६० पिक्सेलचं चित्र लागतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याला ते अवघड नाही. अडचण होते व्हॉट्सॲपवर. तिथे फोटो साधा पाठवला की तो लहान होऊन येतो. गिऱ्हाइकाला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ एवढं सांगितलं तर निम्म्या तक्रारी मिटतात.

कोकणात आणि मुंबईत हे काम करणाऱ्यांना पावसाळ्यात आणखी एक त्रास होतो. कागद हवेतली ओल शोषतो. ओव्हनमध्ये त्या ओलीची वाफ होते आणि कागद व मग यांच्यामध्ये अडकते. परिणामी रंगात ढगाळ चट्टे आणि सुटलेले ठिपके. कागदाचं पाकीट उघडल्यावर सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद ठेवायचं आणि गुंडाळण्याआधी मग व कागद दोन्ही किंचित तापवून कोरडे करून घ्यायचे, हा त्यावरचा उपाय. जून ते सप्टेंबर तो चुकवू नये, आणि गणपतीच्या ऑर्डरी नेमक्या याच महिन्यांत येतात.

एवढं सगळं करून ओव्हन परवडतो का? एकाच मगाची ऑर्डर असेल तर नाही. ओव्हन तापवण्यात दहा-पंधरा मिनिटं, भाजण्यात पंधरा-वीस. दीड हजार वॅटचा ओटीजी त्यात पाऊण युनिटाच्या आसपास वीज घेतो. तीनशे-साडेतीनशे वॅटचा मग प्रेस हेच काम त्याच्या लहानशा अंशात उरकतो, आणि आपल्याकडे साधा मग प्रेस काही हजार रुपयांत मिळतो. पण मंडळाची पन्नास मगांची ऑर्डर आली तर हिशेब बदलतो. प्रेसवर प्रत्येकी चार मिनिटं धरली तर नुसत्या छपाईलाच २०० मिनिटं लागतात आणि माणूस यंत्रापासून हलू शकत नाही. मोठ्या ओव्हनमध्ये आठ-आठ मगांच्या सात फेऱ्या, प्रत्येकी २५ मिनिटं धरल्या तरी पावणेतीन-तीन तासांत काम संपतं आणि एक फेरी भाजत असताना पुढचे मग गुंडाळून होतात. त्यासाठी पट्टे मात्र निदान सोळा हवेत. ओव्हनची आणखी एक जमेची बाजू म्हणजे आकार. वर रुंद होत जाणारा लाटे मग, उंच बिअर मग, छोटा शॉट ग्लास, हे प्रेसच्या ठरावीक पट्टीत बसत नाहीत. ओव्हनला आकाराशी देणंघेणं नसतं. उष्णतेने आकसणारी प्लास्टिकची फिल्म वापरली तर वेडीवाकडी भांडीही पूर्ण झाकली जातात. बाजारात ‘थ्रीडी व्हॅक्यूम मशीन’ म्हणून मिळणारं यंत्रही आतून ओव्हनच आहे. त्यात पट्ट्याऐवजी हवा खेचून सिलिकॉनचा पडदा मगावर आवळतात.

आणि आता सगळ्यात गंभीर गोष्ट, जी इंटरनेटवरच्या उत्साही व्हिडिओंत अनेकदा शेवटच्या पाच सेकंदांत उरकली जाते. ज्या ओव्हनमध्ये मग भाजले, त्यात पुन्हा खायचं काही भाजू नये. एकदाही नाही. सब्लिमेशनचं सगळं तंत्रच रंगाचा वायू करण्यावर उभं आहे, आणि कागदाच्या फटींतून निसटलेला वायू ओव्हनच्या भिंतींवर, जाळीवर, दाराच्या काचेवर जाऊन बसतो. पुढच्या वेळी ओव्हन तापला की तो पुन्हा उडतो. सब्लिमेशनचे रंग याच डिस्पर्स जातीचे, आणि त्या जातीतले काही रंग त्वचेला ॲलर्जी आणणारे म्हणून वैद्यकात ओळखले जातात. कापड उद्योगातले डिस्पर्स ब्लू १०६ आणि १२४ ही त्यांतली ठळक नावं. शाईच्या स्वस्त बाटलीत नेमके कोणते रंग आहेत, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. त्यात टेपचा डिंक, सिलिकॉन आणि मगावरचा थर यांचे वास मिसळतात. ओव्हन साबणाने घासला, लिंबू ठेवून तापवला, तरी आत काय उरलं हे डोळ्यांना कळत नाही. मुलांसाठी केक करायच्या भांड्याबाबत अशी जोखीम घेण्याचं कारणच नाही. माळ्यावरचा जुना ओटीजी काढायचा असेल तर तो कायमचा मगांसाठीच काढावा, त्यावर ठळक अक्षरांत तसं लिहावं आणि स्वयंपाकघराबाहेर, खिडकीजवळ किंवा एक्झॉस्ट फॅनखाली ठेवावा. भाजणी चालू असताना लहान मुलं आणि दम्याचे रुग्ण त्या खोलीत नसावेत.

मगाच्या ओठांकडच्या कडेवर, जिथे पिणाऱ्याचे ओठ टेकतात, तिथे चित्र नेऊ नये. आत तर नाहीच. मग निवण्यासाठी लाकडी पाटावर किंवा जाळीवर ठेवावा. लवकर गार करायला थंड पाण्यात बुडवला तर दोनशे अंशांचा मग तडकू शकतो, आणि त्या वेळी तो बहुधा हातात असतो.

चांगला थर असलेला, नीट भाजलेला मग वर्षानुवर्षं टिकतो. तारेच्या घासणीने मात्र थरच खरवडला जातो आणि त्याबरोबर चित्रही जातं. सतत ऊन लागणाऱ्या खिडकीत ठेवला तर रंग हळूहळू उडतात. गरम चहा ओतला की काळा मग पांढरा होऊन फोटो दाखवणारा ‘मॅजिक मग’ आणखी नाजूक असतो. त्याचं काळं आवरण उष्णतेने रंगहीन होणाऱ्या रंगाचं असतं. ते डिशवॉशरमध्ये, मायक्रोवेव्हमध्ये आणि फार वेळ भिजत घालण्यात लवकर निकामी होतं. विकताना ही चार वाक्यं छापलेली चिठ्ठी खोक्यात टाकली तर गिऱ्हाइकाचंही समाधान होतं.

सध्या बऱ्याच दुकानांत या कामाला एक प्रतिस्पर्धी आला आहे, यूव्ही डीटीएफ स्टिकर. फिल्मवर छापलेलं चित्र हाताने दाबून चिकटवायचं, उष्णता लागत नाही, कोटेड मगही लागत नाही. त्यात पांढरी शाई असल्यामुळे काळ्या, लाल मगांवर आणि काचेच्या ग्लासवरही ते चालतं. पण ते वर चिकटलेलं असतं. कडेवरून बोट फिरवलं की पातळ उंचवटा जाणवतो आणि रोजच्या घासण्यात तीच कड आधी सुटू लागते. त्यामुळे नाव आणि लोगो असलेल्या गडद मगांसाठी अनेक जण यूव्ही डीटीएफ घेतात, आणि आजी-आजोबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा, पूर्ण मगभर पसरलेला फोटो असेल तर तो अजूनही दोनशे अंशांत भाजूनच देतात.